देवीनं सांगितलेला दवाखाना

"कोन म्हन्लं? उभं राह्य!"

ही आरोळी उठली की आमची सगळी गाडी एकदम खिडकीबाहेर बघायला लागायची. बाहेर बघण्यासारखं काही नसे. कपाशी, ऊस, मधूनच एखादी मोसंबीची बाग. पण नजर आत ठेवली तर ती बाईच्या नजरेला भिडेल, ही धास्ती. बाई लेकराला कडेवर घेऊन सीटवरून उठलेली असे, पायातली चप्पल हातात आलेली असे, आणि 'येडं लेकरू दिसतंय' किंवा 'बांधून ठेवा की घरी' असं पुटपुटणारा गृहस्थ नेमका कुठं बसलाय, याचा ती शोध घेत असे. तो सापडला नाही असं क्वचितच झालं. सापडल्यावर काय व्हायचं ते मी सांगायला नको. एस.टी.च्या गाडीत मारामारी होऊ देऊ नये असा नियम आहे, आणि मी कंडक्टर होतो. मीही खिडकीबाहेरच बघायचो.

घनसावंगीच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका गावात आमची मुक्कामी गाडी असे. दिवेलागणीला पोचायचं, पारावर अंग टाकायचं आणि उजाडता उजाडता तीच गाडी घेऊन जालन्यावरून औरंगाबाद गाठायचं. ही बाई त्या गावची सून. घर खाऊनपिऊन सुखी, नवरा शेतीत, सासू घरात, आणि सासूच्या शब्दाबाहेर घरातलं मांजरही जात नसे. त्या गावात मी इतके मुक्काम केले की कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून ओळखायचो. बाईचं घर मात्र आवाजावरून ओळखू यायचं. भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज.

डोकं तिच्या लेकीचं, गोदाचं. असेल पाचसहा वर्षांची. रंगानं गोरी, केस कुरळे, आणि कपाळावर कायम एक टेंगूळ, जुनं उतरायच्या आत नवं. ती बोलत नसे. हाक मारली तर वळून बघत नसे. पण माझ्या तिकिटाच्या पंचाची टिकटिक तिला गाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. भांडं पडलं, कुत्रं भुंकलं, कुणी मायेनं अंगावरून हात फिरवला, की ती किंचाळायची, स्वतःच्या मनगटाला चावायची आणि जवळ जे कठीण दिसेल त्यावर कपाळ आदळायची. घरात भिंत, गाडीत खिडकीचे गज.

माझ्या अंगठ्याच्या बुडाशी तिच्या दातांची खूण अजून आहे. पहिल्याच भेटीत मी कौतुकानं तिच्या गालाला हात लावायला गेलो, आणि तिनं अंगठा धरला तो रक्त आल्याशिवाय सोडला नाही. मी बोंब मारली, तर बाईनं डोळे माझ्यावरच वटारले.

"तुमाला कोन म्हन्लं हात लावा? तिकीट फाडायचं काम हाय ना तुमचं? तिकीट फाडा."

मग थोड्या वेळानं बोचक्यातली चिंधी काढून तिनं माझा अंगठा बांधून दिला. बांधताना म्हणाली, "चावली म्हंजी वळख झाली. आता काय करायची न्हाई." आणि खरोखरच गोदानं मला पुन्हा कधी चावलं नाही.

आमचे ड्रायव्हर रऊफभाई. त्यांना हॉर्नची फार आवड. गोदाला हॉर्न सोसत नसे. एकदा बाई उठून थेट त्यांच्या केबिनपाशी गेली.

"भाईजान, पुन्यांदा भोंगा वाजवला तर त्या हातावर हानीन."

"अरे बाबा, सामने भैंस खडी है!"

"मंग उतरून हाकला. तोंड हाय, हात हाय, भोंगाच पायजे का?"

रऊफभाई स्टेअरिंग सोडून कसे उतरणार? उतरायचो मी. गाव ते फाटा या रस्त्यावरच्या तमाम म्हशींची आणि माझी ओळख त्या काळात झाली.

जालन्यातले डॉक्टर झाले. एकानं झोपेचं औषध दिलं. ते पोटात असेपर्यंत पोर झोपायची आणि उतरलं की भिंत पुन्हा सुरू. दुसऱ्यानं कानात दोष काढला. तिसरा म्हणाला, मोठी झाली की सुधारेल. बाई प्रत्येकाशी भांडून बाहेर पडायची.

एके दिवशी गोदानं आमच्या गाडीतच गजावर कपाळ फोडून घेतलं. रक्त असं की बाईचा सगळा पदर भिजला. जालन्याला उतरवायला गेलो, तर बाई म्हणाली, "हितं न्हाई. औरंगाबादला घ्या. मोठ्या दवाखान्यात." गाडीला तिथं परतीपर्यंत सवड होती, म्हणून मीही बरोबर गेलो. टाके घालताना गोदानं सगळी खोली डोक्यावर घेतली. एका वॉर्डबॉयनं वैतागून तिच्या थोबाडीत दिली. पुढच्या क्षणी बाईच्या हातातला जेवणाचा डबा त्याच्या डोक्यात बसला. भाकरी एकीकडं, चटणी एकीकडं, वॉर्डबॉय खाली. शिपाई धावले, मी मधे पडलो, मलाही डब्याचं झाकण लागलं. ही सगळी धुमश्चक्री आटोपल्यावर पाहतो तो गोदा नाही.

शोधत शोधत आम्ही मागच्या इमारतीत पोचलो. एका लांबड्या खोलीत छताला झोपाळा टांगलेला, कडेला मोठाले रबरी चेंडू, जमिनीवर सतरंज्या. भिंतीशी दोन जाड गाद्या उभ्या करून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या फटीत गोदा शिरली होती. फक्त तिचे पाय दिसत होते. बाहेरच्या गादीला पाठ टेकून एक तरुण मॅडम बसल्या होत्या, आणि अंगाचा सगळा भार गादीवर टाकत होत्या.

बाईनं रिकामा डबा उगारला. "काय करून राह्यली माह्या लेकराला? दाबून मारती का?"

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "हळू बोला. ती आपणहून शिरलीय. आत्ता बरं वाटतंय तिला. तुम्हीपण टेका."

खोलीत आवाज नव्हता. गोदाचे पाय स्थिर होते. बाईनं डबा खाली ठेवला, आणि ती टेकली. ती दोघींच्या भाराखाली दबलेली पोर, तुम्ही पाहायला हवी होती. अंग सैल सोडून ती एक लांब सुस्कारा टाकून गप्प पडली होती. जन्मल्यापासून मनासारखी कुशी तिला तेव्हा पहिल्यांदाच मिळाली असावी.

खोलीच्या दारावर इंग्रजीत नाव होतं. ऑक्युपेशनल थेरपी. मी ते वाचून दाखवलं. बाईला ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ती त्याला 'दाबायचा दवाखाना' म्हणे. मॅडमनी पोरीच्या आजाराचं नाव सांगितलं, ऑटिझम. जन्माचा आहे, औषधाच्या बाटलीनं जाणारा नाही, असंही सांगितलं. मग म्हणाल्या, "आपलं अंग कुठं संपतं आणि बाहेरचं जग कुठं सुरू होतं, याचा हिला अंदाज येत नाही. हलका हात लागला तर काटा टोचल्यासारखं होतं. डोकं आपटलं की तिला घटकाभर तरी आपलं डोकं सापडतं. तुम्ही तिला ते आपटल्याशिवाय सापडू द्या." हातपाय तळव्यानं जोरात दाबायचे, गोधडीत घट्ट गुंडाळायचं, पाण्याची बादली उचलायला लावायची, कणीक तुडवायला द्यायची, आणि दर गुरुवारी इथं यायचं. बरीच वर्षं.

"येईन," बाई म्हणाली. सगळं ऐकून झाल्यावर तिच्या तोंडून एवढा एकच शब्द निघाला. वॉर्डबॉयची माफी मागायची राहिलीच.

गुरुवार सुरू झाले आणि घरात वाद सुरू झाला. सासूचा सवाल सरळ होता. "बाटली दिली का? न्हाई. सुई टोचली का? न्हाई. मंग त्याला दवाखाना का म्हनायचा?" आमच्या भागात सुई न टोचणारा डॉक्टर हा डॉक्टर नसतोच, त्यामुळे गावही सासूच्या बाजूला. त्यात एका दुपारी घात झाला. बाई गोदाला गोधडीत गुंडाळून वरून दाबत होती. शेजारणीनं कुडाच्या फटीतून ते पाहिलं आणि ती बोंबलत सुटली की सून लेकराचा जीव घेतेय. माणसं काठ्या घेऊन धावली. नवरा शेतातून आला तो हातातल्या चाबकासकट. बाई ओरडून सांगत होती, पण अशा वेळी कोण ऐकून घेतो? त्या मारानं तिचा पुढचा दात गेला. संध्याकाळी मी गाडी घेऊन पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसून रक्त थुंकत होती आणि आतून भिंतीचा आवाज येत होता.

गुरुवार बंद झाले. घरच्यांनी भगत बोलावला.

त्या संध्याकाळी अंगणात ही गर्दी. मीही गेलो. सासूनं विळीवर लिंबं कापून दिली होती, ती विळी तशीच उभी होती. डफ कडाडत होता. डफ! जिला पंचाची टिकटिक खुपते तिच्यासमोर डफ. गोदा जमिनीवर डोकं आपटत होती, आणि भगत तिच्या पाठीवर कोरडा, म्हणजे दोराचा आसूड, ओढत होता. प्रत्येक फटक्याला ती दचकून क्षणभर गप्प व्हायची, की लोक म्हणत, "पाह्य, उतरून राह्यलं." भगतानं निकाल दिला. पुढच्या अमावास्येला लेकराला त्याच्या ठाण्यावर न्यायचं, साखळीनं खांबाला बांधायचं आणि सगळं उतरेपर्यंत तिथंच ठेवायचं. सासूनं मान हलवली. नवऱ्यानं मान खाली घातली.

बाईला दोन बायांनी दाराशी धरून ठेवलं होतं. ती ओरडत होती, शिव्या देत होती. मग एकाएकी तिचं ओरडणं थांबलं. अंबाडा सुटला. मान गरगरा फिरायला लागली आणि तोंडातून असा हुंकार निघाला की धरणाऱ्या बायांचे हात आपोआप सुटले. अंगात आलेल्या बाईला कोण धरून ठेवणार?

घुमत घुमत ती गोदापाशी आली. जाता जाता पायानं तिनं ती उभी विळी बाजूला सारली, ते मी पाहिलं. मग भगताच्या हातातला कोरडा हिसकला.

"कोन म्हन्लं ह्या लेकराला भूत लागलं? उभं राह्य!"

देवीची भाषा मला जरा ओळखीची वाटली. पण भगत हातच जोडून उभा राहिला. कोरडा त्याच्या खांद्यावर उतरला, पाठीवर उतरला, डफवाल्याच्या डफावर उतरला. देवीनं नवऱ्यालाही सोडलं नाही. त्याच्या वाट्याचे फटके तर मला जरा जादाच वाटले.

"हे लेकरू माझं हाय! ह्याला मारील त्याच्या घराचा मी उंबरा ठेवनार न्हाई. दर गुरवारी पहिल्या गाडीनं ह्याला औरंगाबादला न्यायचं! दवाखान्यात! मी बस म्हनंस्तवर!"

गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं अदबीनं विचारलं, "आई, तिथं दवाखाने लई. कोन्त्या दवाखान्यात?"

देवी घटकाभर अडखळली. "कंडक्टरला इचारा," ती म्हणाली, आणि कोसळली.

सगळं गाव माझ्याकडं वळलं. माझे पाय लटलट कापत होते. गावानं ती माझी भक्ती समजली.

गुरुवारी नवऱ्यानं स्वतः बोचकं गाडीत आणून ठेवलं. फाटा मागं पडल्यावर मी हळूच विचारलं, "वहिनी, त्या दिवशी ते खरंच...?"

बाई खिडकीबाहेर बघत होती. ओठाची सूज अजून उतरली नव्हती. "तिकीट द्या," ती म्हणाली. "एक फुल, एक हाफ. देवीला पास देत्यात का तुमच्यात?"

पुढं जे झालं ते तिला नको होतं. आसपासच्या गावांत बातमी गेली. न बोलणारी, किंचाळणारी, सैरावैरा पळणारी, स्वतःला ओरबाडणारी लेकरं पूर्वी त्या भगताकडं जायची. आता ती बाईच्या अंगणात यायला लागली. काही दोरीनं बांधून आणलेली, काहींच्या अंगावर डाग दिलेले. बाई वैतागायची. "मला काय हौस हाय का घुमायची? मान मोडून गेल्ती कालच्याला." पण दोरीचा वळ दिसला की अंबाडा सुटायचा. हरवलेला बैल, पोरीचं लग्न, बांधाचं भांडण असले सवाल कुणी आणले तर देवी तोंड उघडत नसे. लेकरांच्या बाबतीत मात्र सगळ्यांना एकच आज्ञा. मारू नका, गुरुवारी पहिली गाडी धरा.

गुरुवारी माझ्या गाडीच्या पुढच्या सीटा मी अशा लेकरांसाठी राखायला लागलो. कुणी कुरकुरलं तर वर बाई होतीच. औरंगाबादच्या मॅडम बुचकळ्यात पडल्या. त्यांच्याकडं जालना जिल्ह्यातून एवढी लेकरं कधीच आली नव्हती. त्यातली काही बहिरी निघत, काहींना फिटा येत, त्यांना त्या बरोबर त्या त्या डॉक्टरकडं धाडत. एकदा मला म्हणाल्या, "तुमच्या भागात कोणी चांगले डॉक्टर आलेत का? नेमके पेशंट पाठवतात."

"बाई आहेत," मी म्हणालो. "हात जरा जड आहे, पण माणूस चांगलं."

भगत गप्प बसणारा नव्हता. गावच्या जत्रेत, भर दुपारी, देवळासमोर त्यानं बाईची वाट अडवली. "खरी आई असशील तर कापूर झेल. न्हाईतर हे गुरवारचं नाटक बंद." जत्रा भोवती गोळा झाली. त्या गर्दीत लेकरं घेतलेल्या आयाही होत्या. त्या नुसत्या बाईकडं बघत राहिल्या. 'नाही' म्हणायची सोय बाईला उरली नव्हती.

ती त्या दिवशी घुमली नाही. केस सोडले नाहीत. तिनं दोन्ही हात पुढं केले. भगतानं तळव्यांवर कापराचे खडे ठेवले आणि पेटवले. निळसर जाळ वर आला. बाई गोदाकडं बघत उभी राहिली. आधी कापराचा वास आला, मग कातडीचा. आजही आरतीच्या ताटाला मी लांबूनच हात करतो. बाईचं अंग थरथरत होतं, ओठ दाताखाली धरलेला, पण हात खाली आले नाहीत. खडे संपले, जाळ आपोआप विझला.

मग जत्रा भगतावर तुटून पडली. कालपर्यंत त्याच्या पाया पडणारी माणसं त्याला लाथांनी तुडवत होती. बाई जळालेले हात वर करून ओरडत होती, "मारू नगा! म्या म्हन्ते मारू नगा त्याला!" देवीचं त्या वेळी कुणी ऐकलं नाही. त्याचा हात मोडल्यावरच लोक थांबले. कुणाला तरी मारायला मिळालं की माणसाला देवही लागत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला त्या गावाची शिसारी आली.

बाईच्या दोन्ही हातांना बोळे बांधलेले. आता गोदाला दाबायचं कुणी? मी ओट्यावर चहाला बसलो होतो. गोदाची कुरकुर सुरू झाली, ती भिंतीकडं सरकायला लागली. बाईनं सासूला हाक मारली.

"आत्याबाई, तुमी दाबा."

"मला न्हाई येत ते."

"येतं. हात ठिवा पाठीवर. असं न्हाई, तळवा. आता जोर लावा. मारताना लावायच्या ना, तेवढा."

सासूचा चेहरा पडला. गोदाच्या पाठीवर भगताच्या कोरड्याचे वण अजून दिसत होते, आणि त्या भगताला आवतण तिनंच धाडलं होतं. म्हातारीनं तळवा टेकवला आणि जोर लावला. गोदा थांबली. डोळे मिटून तिनं ती लांब सुस्काऱ्याची खूण दिली. म्हातारी दाबत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. ते पुसायला हात मोकळे नव्हते. मी कप ठेवून निघालो.

गोदा काही शहाणीसुरती होऊन शाळेत गेली नाही. मॅडमनी तसं वचन कधी दिलंही नव्हतं. पण ती हातानं जेवायला लागली. हापशाची भरलेली बादली डुलत डुलत घरी न्यायला लागली. कपाळावरचं टेंगूळ उतरलं ते पुन्हा उठलं नाही. आणि काही वर्षांनी ती बोलायला लागली, म्हणजे कानावर पडलेलं जसंच्या तसं परत द्यायला लागली. माझं 'चला, पुढं सरका' ती माझ्याच आवाजात म्हणायची, माझ्या सर्दीसकट. गाडी हसायची. मॅडम म्हणाल्या, हसू द्या, ही तिची बोलायची तऱ्हा आहे.

मग माझी बदली झाली. दुसऱ्या डेपोत बरीच वर्षं काढली. जालन्याकडं परत आलो तेव्हा हट्टानं तोच मुक्काम मागून घेतला. रऊफभाई त्याच गाडीवर होते, दाढी पिकलेली. पहिल्याच दिवशी स्टँडवर त्यांनी सांगितलं. "तुमारी देवी गयी, भाई." उसानं भरलेली ट्रॉली उलटली होती. बाई रस्त्याच्या कडेनं घरी चालली होती, ती तिच्याखाली सापडली. ऊस उपसून तिला काढेपर्यंत काही उरलं नव्हतं. गोदा बरोबर होती, तिला आईनं ढकलून दिलं होतं म्हणून वाचली. मी स्टँडवरच्या बाकड्यावर बसून राहिलो. एवढी भांडखोर बाई अशी मुकाट्यानं कशी गेली, हेच मला कळेना.

संध्याकाळी गावात उतरलो आणि तो जुना आवाज ऐकला. भिंतीचा. गोदा आता चांगली मोठी झाली होती, त्यामुळे आवाजही मोठा. ओट्यावर सासू विळीवर वांगी चिरत बसली होती. पार वाळलेली. मला ओळखून नुसती मान हलवली. मी ओट्याच्या कडेला टेकलो.

तेवढ्यात दारात जीप थांबली. एक शेतकरी, त्याची बायको, आणि दोरीनं हात बांधलेलं एक लेकरू. लांबच्या गावचे होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"देवीचं घर हेच ना?"

"देवी गेली," कुणीतरी शेजारून सांगितलं.

शेतकरी हताश झाला. बायकोला म्हणाला, "मंग चल. भगताकडंच जाऊ. त्याचा पोरगा बसतो म्हन्त्यात आता ठाण्यावर. जीप हाय तर उरकून टाकू." त्यानं दोरीला हिसडा दिला. लेकरू तोंडावर पडलं.

"थांबा," सासू म्हणाली.

ती उठली. डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी ती म्हातारी, तिनं पदर खाली टाकला आणि पांढऱ्या केसांची गाठ सोडली. मान फिरवायला लागली. वय झालेलं, तोल जात होता, हुंकार घशातच अडकत होता. आतून बाईचा नवरा आला. मला वाटलं, हा आता आईला धरील. त्यानं देवघरातला कुंकवाचा करंडा आणून तिच्या पायाशी ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. भिंतीचा आवाज थांबला होता. गोदा दारात येऊन बघत होती. म्हातारी तिच्या बाजूला झोकांडली आणि घुमता घुमता तिनं पायानं ती विळी दूर सारली.

मग मला कळलं. म्हातारीनंही भगताच्या त्या संध्याकाळी बाईला विळी सारताना पाहिलं होतं. देवीला कशाला विळीचं भय? त्या क्षणी तिनं सून ओळखली होती, आणि तेव्हापासून तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

"सोड दोरी!" म्हातारी चिरक्या आवाजात ओरडली. "मारायचं न्हाई! उद्या गुरवार हाय. पहिल्या गाडीनं... कुठं ते कंडक्टरला इचार!"

सकाळी त्यांना मी पुढच्या सीटवर बसवलं. म्हातारी, गोदा, ते लेकरू आणि त्याची आई. गाडी भरलेली. फाट्याच्या अलीकडं लेकरू किंचाळायला लागलं, गज धरून डोकं आपटायला लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "असली येडी गाडीत कशाला घेत्यात?"

"कोन म्हन्लं? उभं राह्य!"

आवाज बाईचा होता. तोच सूर, 'उभं'वर तेवढाच जोर, पडलेल्या दाताच्या फटीतून निघणारी तीच फुरफुर. जुनी माणसं दचकून दाराकडं बघायला लागली. दारात कुणी नव्हतं. खिडकीशी गोदा बसली होती, बाहेर बघत, आणि तिनं आपला जड तळवा त्या लेकराच्या पाठीवर टेकवून दाबून धरला होता. म्हातारीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मागचा माणूस उठून उभा राहिला होता, आणि आता कुणाकडं बघावं ते त्याला कळत नव्हतं.

पुढं रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. रऊफभाईंनी गाडी थांबवली. त्यांनी आरशातून मागं पाहिलं, हॉर्नकडं गेलेला हात परत घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी दार उघडलं आणि म्हशी हाकायला खाली उतरलो.